सिस्टरच्या बरणीतलं औषध

एल्सीचा फोन आला की रंभाच्या घरात काही लपून राहणं शक्यच नव्हतं. एक तर एल्सीला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि बाई फोन हट्टाने त्याच कानाला लावायची. व्हिडिओ कॉल असला तरी कानालाच! त्यामुळे गेल्या सात वर्षांत रंभाने मैत्रिणीचा चेहरा कमी आणि कानातलं जास्त पाहिलं होतं. दुसरं म्हणजे रंभाच्या घरात रेंज मिळायची ती फक्त ओट्यावर, तुळशीच्या बाजूला, आणि नेमका तिथेच तिचा नवरा अमृत सकाळपासून खुर्ची टाकून बसलेला असायचा. मग काय, तिकडे न्यूझीलंडमधून एल्सी ओरडायची, इकडून रंभा ओरडायची, आणि वरोरच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांनाही कळायचं की रंभाबायच्या सुनेने काल कालवण खारट केलं होतं.

त्या दिवशीही तसंच. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. अंगणात चिकूचा ढीग पडला होता. रंभा आणि लक्ष्या समोरासमोर बसून मोठे, मधले, बारीक असे चिकू वेगळे करत होते. लक्ष्या सायवनचा. वीस वर्षं या वाडीत चिकू उतरवत होता, बोलायचा कमी आणि ऐकायचा सगळं. तेवढ्यात फोन वाजला.

"रंभे! नाताळ आला गं! बरणी दाखव!"

दरवर्षी पहिलं वाक्य हेच. कशी आहेस नाही, गुडघा कसा आहे नाही, बरणी दाखव. रंभा उठली, स्वयंपाकघरातल्या फडताळातून चिनी मातीची तपकिरी बरणी काढून तिने ओट्यावर आणली आणि फोनसमोर धरली. तोंडाला फडकं, फडक्यावर सुतळी. एल्सीने फोन कानापासून काढून एकदाचा डोळ्यांसमोर धरला.

"भरलेली आहे ना?"

"गळ्यापर्यंत."

"मग ऐक. ह्या वेळी मी येतेय. तेवीस तारखेला तुझ्या दारात. केक आपण दोघी करणार, त्याच बरणीतला. ऐकलंस का?"

रंभाच्या हातातली बरणी पडता पडता राहिली. सात वर्षं! बावीस वर्षं ही बाई त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहिली होती. सरकारी दवाखान्यात नर्स होती, वसईची, नवऱ्यामागे एकटीने मुलाला वाढवलेलं. रंभाच्या मुलाच्या, ऋषभच्या, गोवरात रात्र रात्र जागलेली, रंभाच्या सासूला शेवटचं पाणी पाजलेली. निवृत्त झाली आणि मुलाकडे निघून गेली. तिच्यामागे रंभाने त्या खोल्या कोणाला दिल्या नाहीत. चिकूच्या टोपल्या ठेवते तिथे, म्हणून सांगायची सगळ्यांना. खरं म्हणजे तिला तिथे दुसरं माणूस बघवलं नसतं.

"ये गं बाई," ती म्हणाली. "लवकर ये."

आणि तेवढ्यात खुर्चीतून अमृत पुढे वाकला.

"सिस्टर, या या! तुमचे तर उपकार आहेत माझ्यावर. तुमच्या औषधाने सात हिवाळे काढले मी!"

"काय? कुठलं औषध?" एल्सी ओरडली.

"रेंज गेली!" रंभा त्याहून मोठ्याने ओरडली आणि तिने लाल बटण दाबलं. रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या. लक्ष्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून चिकू निवडायला लागला.

आता हे औषधाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

बरणीत होतं एल्सीच्या नाताळच्या केकचं सामान. मनुका, खजूर, काजूचे तुकडे, संत्र्याची साल आणि याच वाडीतल्या चिकूचे वाळवलेले काप. हे सगळं रममध्ये बुडवलेलं. केकसाठी असं महिनोन्महिने भिजवून ठेवायची तिच्या माहेरची पद्धत. जाताना तिने बरणी रंभाच्या हातात दिली होती. "ही माझी ठेव समज. दिवाळी झाली की थोडी रम घालत राहा, म्हणजे टिकेल. मी परत येईन तेव्हा केक करू." रंभाने मान हलवली होती. त्या दिवशी एल्सीने किडनी मागितली असती तरी तिने मान हलवली असती.

पण ही बरणी कोणाच्या घरात आली? तर अमृतच्या! वरोर आणि आजूबाजूच्या गावांतलं व्यसनमुक्ती मंडळ चालवणारा अमृत. गावदेवीच्या पटांगणात नारळ हातात देऊन माणसांना शपथ घालणारा अमृत. त्यामागे कारणही होतं. थोरला भाऊ चिमण अडतिसाव्या वर्षी दारूने गेला, आणि त्याला दवाखान्यात नेताना रिक्षात त्याचं डोकं अमृतच्या मांडीवर होतं. त्यानंतर अमृतने लग्नाच्या पंगतीतसुद्धा, जिथे बाटली आहे असा संशय आला, तिथे पाणी प्यायलं नाही. रिक्षातली ती गोष्ट तो कोणाला सांगत नसे. रंभाला मात्र माहीत होती. त्याच्या तोंडून ऐकली होती तिने, एकदाच.

एल्सी गेली त्याच हिवाळ्यात अमृतला खोकला झाला. एका संध्याकाळी रंभा दिवाबत्ती करून स्वयंपाकघरात आली तर हा फडताळापाशी उभा, हातात चमचा, आणि चेहऱ्यावर परमानंद!

"सिस्टरने द्राक्षासव ठेवलंय आणि तू बोलली नाहीस? दोन चमचे घेतले. काय सांगू तुला, छातीत नुसती ऊब!"

रंभाने तोंड उघडलं. पण अमृत सदऱ्याची बटणं लावत होता. वाणगावला सभा होती, विषय व्यसनमुक्ती, वक्ता तोच. जीप दारात उभी होती. ज्या माणसाने भावाच्या नावाने वीस वर्षं थेंब घेतला नाही त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की अहो, आत्ता तुम्ही दोन चमचे घेतलेत?

"हो," रंभा म्हणाली. "द्राक्षासवच."

झालं! एक शब्द बोलली आणि सात वर्षं त्या शब्दात अडकली.

तसे तिने उपाय केले नाहीत असं नाही. दुसऱ्याच दिवशी बाजारातून खऱ्या द्राक्षासवाची बाटली आणली. अमृतने एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे बाजारचं. सिस्टरच्या हाताची सर नाही याला." मग तिने बरणी तांदळाच्या कणगीमागे लपवली. ज्या माणसाला कपाटात डोळ्यांसमोर घडी घालून ठेवलेला स्वतःचा बनियन सापडत नाही, त्याने ती बरणी पाव तासात शोधून काढली! त्या हिवाळ्यात अमृतचं भजन ऐकायला लोक शेजारच्या पाड्यांतून यायला लागले. सूर दोन पट्ट्या वर चढला होता. पेटीवाला त्याच्या मागे धावून दमायचा. शिवरात्र येईपर्यंत बरणीत नुसत्या मनुका उरल्या.

पुढच्या दिवाळीनंतर एल्सीचा फोन. भर घातलीस ना? बरणी दाखव. आता रंभा गावच्या दारूच्या दुकानात जाणार की काय? तिने लक्ष्याला गाठलं, वाडीच्या टोकाला, विहिरीपाशी. "वाणगावला जाशील तेव्हा एक रम आण. बाटली नको, पाण्याच्या साध्या बाटलीत ओतून आण. कोणाला बोलू नको." लक्ष्याने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग "बरं बाय" म्हणाला. तेव्हापासून दरवर्षी न सांगता, दिवाळी झाली की लक्ष्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणून द्यायचा आणि रंभा नाकाला पदर लावून बरणीत ओतायची.

आणि अमृत दरवर्षी तक्रार करायचा. "पहिल्या वर्षी काय गुण होता! आता तेवढा नाही राहिला. तरी बाजारच्यापेक्षा बरं." हे ऐकून रंभा बरणीत डोकावून बघायची. तिने कुठेतरी ऐकलं होतं, की दारूची सवय लागली की तेवढीच दारू पुरत नाही. आपण आपल्या नवऱ्याला दारूडा केलं की काय? हिवाळाभर ती त्याचे चमचे मोजायची. तिसऱ्या चमच्याला हात गेला की "अहो, उष्ण पडेल" म्हणून चमचा काढून घ्यायची.

आणि आता एल्सी येणार होती. मोठ्याने बोलणारी, एका कानाने बहिरी, रमला रम म्हणणारी एल्सी!

फोनवर सांगावं, तर ओट्यावर अमृत. लिहून पाठवावं, तर एल्सीचे मेसेज तिची नात तिला वाचून दाखवायची, तेही जेवणाच्या टेबलावर. रंभाने ठरवलं, दारात आली की आधी तिचा हात धरून मागे न्यायचं. पण त्याच संध्याकाळी अमृतने जाहीर केलं, "चोवीस तारखेला मंडळाची सभा आहे. तिथे सिस्टरचा सत्कार. शाल, श्रीफळ. मी स्वतः सांगणार, की औषध म्हणजे काय आणि दारू म्हणजे काय. त्यांच्या द्राक्षासवाचं उदाहरण देऊन!"

"उदाहरण कशाला?" रंभा कशीबशी म्हणाली.

"अगं, अनुभव आहे माझा!"

सून भाविका भाजी निवडत बसली होती. उंबरगावची मुलगी, हसू दाबण्यात अजून कच्ची. ती म्हणाली, "मम्मी, तुमचा चेहरा असा का झाला? तुम्हालाच शाल देतायत जणू."

तेवीसला सकाळी गाडी दारात लागली. एल्सी उतरली ती केस पांढरे, अंगाने निम्मी आणि आवाजाने दुप्पट होऊन. "रंभे!" म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग जे काय रडल्या, ते बघून ड्रायव्हरने सामान उतरवायचं सोडून डोळे पुसले. रंभा सगळं विसरली. बरणी विसरली, सभा विसरली. एल्सीच्या खांद्याला अजून तोच साबणाचा वास येत होता.

आठवण झाली तेव्हा उशीर झाला होता. अमृत एल्सीला सोडायलाच तयार नव्हता! चहाला शेजारी, जेवायला समोर, वाडी दाखवायला पुढे. रंभाने तिला तीनदा चिमटा काढला. तिसऱ्यांदा एल्सी सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं चिमटे काय काढतेस, सांग ना काय ते!" अमृतने "सिस्टर, तुमचं औषध" म्हणून चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा रंभाला काहीतरी जळल्याचा वास आला. चौथ्यांदा तर गॅस पेटवलेलाही नव्हता.

शेवटी चार वाजता भजनी मंडळाचा पेटीवाला आला आणि अमृत त्याच्याबरोबर ओट्यावर गेला. रंभाने एल्सीला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. खोकला, चमचा, जीप, बटणं, सात वर्षं. एल्सी ऐकत गेली. आधी तिचे डोळे मोठे झाले, मग खांदे हलायला लागले. शेवटी तिने तोंडावर हात दाबला तरी नाकातून आवाज आलाच.

"हसू नको गं! त्यांना कळलं तर ते माझ्याकडे बघायचे नाहीत. तुला माहीत आहे ना चिमणभावोजींचं."

एल्सीचं हसू थांबलं. तिला माहीत होतं. त्या रिक्षात ती पुढे बसलेली होती.

"आण बरणी," ती म्हणाली. "आधी बघू किती नासाडी केली आहेस माझ्या ठेवीची."

सुतळी सोडली, फडकं काढलं. एल्सीने वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. चमचा बुडवून जिभेला लावला आणि रंभाकडे अशी पाहायला लागली, की रंभाला वाटलं आता ही आपल्याला सुई टोचणार.

"रंभे, ही रम नाही."

"काय?"

"हे द्राक्षासव आहे. सरळ औषधाच्या दुकानातलं. बावीस वर्षं दवाखान्यात काढली मी, मला वास कळत नाही? तू काय घालत होतीस ह्यात?"

"मी… लक्ष्याने आणलेलं."

दोघी मागच्या दाराने निघाल्या. लक्ष्या झाडावरून उतरून टोपली रिकामी करत होता. एल्सीला बघून हसला, "सिस्टर, लय दिसांनी." मग रंभाचा चेहरा बघून त्याला कळलं आणि त्याने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं.

"बाय, मी दुकानात गेलूच नाय," तो म्हणाला. "कधीच नाय."

"अरे पण मी तुला प्यायला थोडीच सांगितलं होतं? मंडळात तू घेतलीस ती शपथ न पिण्याची होती ना?"

"नाय बाय. तुम्हाला म्हाईत नाय. शेठनी दोन गोष्टी म्हनायला लावल्या. पिनार नाय, आन जिथं मिळते तिथली पायरी चढनार नाय. नारळ हातात होता, समोर गावदेवी. शेठ बोललं, त्यांचा भाऊस पन पहिल्या दिवशी प्यायला नव्हता गेला, नुस्ता दोस्तासंगं पायरीवर बसाया गेला होता." लक्ष्याने वाणगावच्या दिशेने हात केला. "तुम्ही सांगितलं तवा मी वाणगावला दुकानासमोर उभा राहिलू. पायरी दिसत होती. नाय चढलू. तुम्हाला नाय पन बोलवना. आन शेठ त्याला द्राक्षासव बोलतात ते मला ठाऊक. मग बाजूच्या औषधाच्या दुकानातनं तेच घेतलं. चुकलं काय?"

रंभा बांधावर बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला उचकी लागली. म्हणजे सहा वर्षं हा माणूस तेच बाजारचं द्राक्षासव पीत होता, ज्याला सिस्टरच्या हाताची सर नव्हती! म्हणजे तो म्हणत होता तेच खरं, गुण पहिल्या वर्षीच होता! सवय नाही, काही नाही. आणि ती वेडी हिवाळाभर चमचे मोजत बसली होती!

"सुटलीस बघ," एल्सी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली. "उद्या करू दे त्यांना काय भाषण करायचं ते. पहिल्या वर्षाचं तुझ्यामाझ्यात राहील. लक्ष्या काही बोलत नाही."

लक्ष्याने मान हलवली. तो काही बोलणार नव्हता. त्याने टोपली उचलली आणि पुढच्या झाडाकडे गेला.

सुटली खरी. पण रात्रभर रंभाला ती पायरी दिसत राहिली. चाळीस माणसांनी नारळ हातात घेतला होता. त्यातले वाडीवाले निम्मे तर पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकले नव्हते. हा एक टिकला. आणि याला तिथे कोणी पाठवलं? अमृतच्या बायकोने! दुसऱ्या कोणाच्या नाही, त्याच्याच घरातल्या बाईने. हे काही सुटणं नव्हे, असं तिचं मन तिला सांगत राहिलं.

चोवीसला सकाळी अमृत ओट्यावर भाषणाची तयारी करत होता. खुर्चीवर शाल घडी करून ठेवलेली, तिच्यावर नारळ. रंभा चहा घेऊन आली, कप ठेवला, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पहिलं वर्षही. लक्ष्याला पाठवलेलंही. लक्ष्या न चढलेलाही.

अमृतने भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. चहावर साय धरली.

"चिमणदादा पण असंच म्हणायचा," तो म्हणाला. "सर्दी आहे, दोन चमचे. आईला औषध म्हणून सांगायचा. मी लहान होतो, मी त्याला आणून द्यायचो."

हे रंभाने कधी ऐकलं नव्हतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बटणं लावत होतात," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. "तुमचा चेहरा पडला असता. मला तो बघवला नसता. आणि मग रोज एक दिवस वाढत गेला. चुकलं माझं."

तो उठला, चपला घातल्या आणि वाडीत निघून गेला. जेवायला आला नाही. भाविकाने दोनदा हाक मारली. एल्सी समुद्राची वाळू घातलेलं पातेलं गॅसवर ठेवून त्यात केकचा डबा बसवत होती. सुनेचा ओव्हन तिने "खेळणं" म्हणून बाजूला सारला होता. केकचा वास घरभर पसरला. रंभा दर पाच मिनिटांनी मागच्या दारात जाऊन चिकूच्या झाडांमधून बघत होती आणि परत येत होती.

पाच वाजता गावदेवीच्या पटांगणात तीस-चाळीस माणसं जमली. मागे लक्ष्या आणि त्याची बायको हिरी उभी होती. अमृत सगळ्यांच्या नंतर आला, वाडीच्याच कपड्यांत, चपलांना माती. रंभाकडे त्याने पाहिलं नाही. माईक हातात घेतला. भाषणाचा कागद त्याच्या खिशात होता, तो त्याने काढलाच नाही.

"आज सिस्टरचा सत्कार ठरला होता," तो म्हणाला. "सिस्टर, तुम्ही रागावू नका. तुम्ही घरच्या. शाल मी दुसऱ्याला देणार आहे."

एल्सीने ऐकू येणाऱ्या कानाने ऐकलं आणि टाळी वाजवायला सुरुवातही केली.

"सात वर्षांपूर्वी एक हिवाळा मी दारू घेतली," अमृत म्हणाला. मागची माणसं पुढे सरकली. "औषध समजून घेतली. मला माहीत नव्हतं, आज कळलं. पण घेतली, आणि आवडली. तेच सांगतोय, आवडली. मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो, की सोडायला काय लागतं, मनावर घ्यायचं. मला काय कळतं त्यातलं? ज्याला कळतं तो मागे उभा आहे. लक्ष्या, पुढे ये."

लक्ष्या येईना. हिरीने त्याला ढकललं. तो फडकं पिळत पुढे आला. अमृतने शाल त्याच्या खांद्यांवर घातली, मग नारळ उचलला. पण तो त्याने लक्ष्याला दिला नाही. स्वतःच्या दोन्ही हातांत धरून त्याच्यासमोर उभा राहिला.

"तुला पाठ आहे ना? तू म्हण. मी तुझ्यामागून म्हणतो."

"शेठ, मी कसा…"

"म्हण रे. मीच तुला शिकवलं होतं. आता तू मला सांग."

लक्ष्याने घसा साफ केला. "पिनार नाय," तो हळूच म्हणाला.

"पिणार नाही," अमृत म्हणाला.

"आन जिथं मिळते… तिथली पायरी चढनार नाय."

अमृतला ते लगेच म्हणता आलं नाही. त्याचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. लक्ष्याने हात पुढे केला आणि नारळाला खालून आधार दिला. मग अमृत म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. रंभा बायकांमध्ये बसून पदराने तोंड झाकून रडत होती, आणि एल्सी तिच्या मांडीवर हात थोपटत "पुरे, पुरे" म्हणत स्वतः रडत होती.

सभा संपल्यावर सगळे ओट्यावर बसले. एल्सीने केक कापला. बाहेरून काळपट आणि आतून ओला होता तो, वाळवलेल्या चिकूचे काप मधूनमधून दिसणारा. केकला द्राक्षासवाचा वास येत होता. एल्सीने एक घास खाल्ला, डोळे मिटून विचार केला आणि म्हणाली, "माझी आई उठून बसेल थडग्यात. पण खोकला मात्र ह्या वर्षी कोणाला होणार नाही." हिरी हसली, भाविका हसली, लक्ष्या शालीतून हात बाहेर काढून खात होता तोही हसला.

अमृत हसला नाही. ताटलीतले दोन्ही तुकडे तसेच ठेवून तो बसला होता. मग रंभाकडे सरकला. सकाळपासून पहिल्यांदा त्याने तिच्याकडे पाहिलं. आवाज बारीक करून तो म्हणाला,

"एक विचारू?"

"विचारा."

"त्या वर्षी… मी गात छान होतो ना?"

रंभाने त्याच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत त्याने तिला असं घाबरत काही विचारलं नव्हतं.

"छान गात होतात," ती म्हणाली. "पण पेटीवाल्याला मागे टाकून. आता दोघं बरोबर पोचता." आणि त्याच्या ताटलीतला केकचा दुसरा तुकडा उचलून तिने लक्ष्याच्या ताटलीत ठेवला.